दोन महागडे आयईएम कंपेअर करायचे असतील तर आधी व्हॉल्यूम जुळवा

हाय-एंड आयईएम (म्हणजे कानाच्या आत बसणारे इन-इअर इयरफोन) कंपेअर करताना गडबड कानाची नसते, व्हॉल्यूमची असते. दोन्ही एकाच डोंगलला (फोनला लावायचा छोटा हेडफोन अडॅप्टर) लावले, एकच गाणं वाजवलं, झालं कंपॅरिझन असं वाटतं, पण एकाची सेन्सिटिव्हिटी (म्हणजे तेवढ्याच सिग्नलला किती जोरात वाजतो ते) 105 डीबी आणि दुसऱ्याची 112 असेल तर दुसरा त्याच सेटिंगला बराच जोरात वाजणार (आणि हे आकडे बघताना एकाचा मिलिवॅटला आणि दुसऱ्याचा व्होल्टला दिलेला नाही ना ते बघा, नाहीतर तुलनाच चुकते). एवढा मोठा फरक लगेच कळतो, आपण आवाज कमी करतो, पण अंदाजाने कमी केल्यावर जो एखादा डीबी उरतो ना, तोच घात करतो, कारण तो जोरात म्हणून कळत नाही, "याचा बेस भरीव आहे, डिटेल जास्त आहे" असा कळतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 सालीच दाखवलं होतं की हळू आवाजात आपल्याला बेस तुलनेने कमी ऐकू येतो. मी स्वतः आठवडाभर एका जोडीला जास्त क्लिअर म्हणत होतो, नीट लेव्हल जुळवल्यावर माझं मत पार उलटं झालं.

तर करायचं काय, पिंक नॉइज (सगळ्या फ्रिक्वेन्सी असलेला खळखळाटासारखा टेस्ट आवाज) लावा, एक जोडी काढून लगेच दुसरी घाला, दोन्ही सारखे वाटेपर्यंत व्हॉल्यूम हलवा आणि दोघांचे आकडे लिहून ठेवा. कपलरवाला माइक (कानाच्या पोकळीसारख्या नळीत बसवलेला मोजायचा माइक) असेल तर उत्तमच, अर्ध्या डीबीच्या आत आणा. फोनचा माइक आयईएमच्या नळीला टेकवून मोजू नका, तिथे सीलच होत नाही.

मग सील, म्हणजे टिप (टोकाची रबरी किंवा फोमची टोपी) कानात हवाबंद बसणं. 40 हर्ट्झचा टोन लावा आणि आयईएम बोटाने हलकेच आत दाबा, दाबल्यावर बेस एकदम वाढला तर सील गळतंय, टिपची साइज बदला. माझ्या मते अर्ध्याहून जास्त "याला बेसच नाही" वाल्या तक्रारी इथेच मिटतात. शक्यतो दोन्हीला एकाच प्रकारच्या टिप्स लावा, फोम टिप्स ट्रेबल थोडा खातात, आणि आयईएम कानात किती खोल जातो त्यावर वरच्या ट्रेबलचा पीक सरकतो. म्हणूनच ग्राफवर 8 किलोहर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या वर जे दिसतं ते तुमच्या कानात तसंच असेल असं धरू नका, मापनाच्या कपलरचा स्वतःचा रेझोनन्स तिथेच असतो.

सोर्स दोन्हीला एकच ठेवा आणि त्याचा आउटपुट इम्पिडन्स (सोर्सचा स्वतःचा विद्युत अवरोध) कमी, एक ओहमच्या आत असलेला बरा. मल्टी-बीए (अनेक छोटे बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर असलेल्या) आयईएमचा इम्पिडन्स फ्रिक्वेन्सीनुसार वरखाली होतो, सोर्सचा जास्त असेल तर ट्यूनिंगच बदलतं आणि आपण उगाच आयईएमला नावं ठेवतो.

आता ऐकायचं. पाठ असलेली तीन-चार गाणी घ्या, अख्खं गाणं नको, वीस सेकंदांचा तुकडा लूपवर टाका कारण आवाजाची बारीक आठवण फार लवकर पुसते. एका वेळी एकच गोष्ट ऐका, आधी गायकाचे "स" आणि "श" टोचतात का, मग झांज वाजल्यावर तिचा आवाज हळूहळू विरतो की मध्येच तुटतो, मग किक ड्रम आणि बेस गिटार एकत्र वाजताना दोघं वेगळे ओळखू येतात का. साउंडस्टेज (आवाज किती मोकळ्या जागेत पसरल्यासारखा वाटतो ते) सगळ्यात शेवटी, तोवर कान स्थिरावलेले असतात.

ब्राइट (ट्रेबल जास्त असलेली) जोडी तासभर ऐकून लगेच दुसरी घातली तर ती उगाच मंद वाटते, म्हणून मध्ये दहा मिनिटं शांत बसा आणि पुढच्या वेळी क्रम उलटा करा. हे झालं की प्रत्येक जोडी दोन-दोन दिवस एकटी वापरा आणि व्हॉल्यूमवर लक्ष ठेवा. जुळवलेल्या आकड्यापेक्षा हात आपोआप खाली जात असेल तर बहुतेक वेळा वरचे मिड्स किंवा ट्रेबल खुपतोय, पहिल्या पाच मिनिटांत तीच जोडी कितीही डिटेल्ड वाटलेली असो.