आनुवंशिक जलशीर्ष : गर्भातच निदान कसे करावे

घरात एखादे मूल जलशीर्ष (मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साचून त्या फुगणे) घेऊन जन्मले असेल, तर पुढच्या खेपेची तयारी दिवस जाण्याआधीच करायला हवी. नेमका जनुकीय दोष आधी सापडलेला नसेल, तर गरोदरपणातले मोलाचे आठवडे तो शोधण्यातच जातात.

सुरुवात बाधित मुलापासून. त्याचे रक्त, किंवा मूल दगावले असल्यास जपून ठेवलेला डीएनए तपासायला द्या. फक्त मुलगेच बाधित आणि मेंदूतला पाणी वाहून नेणारा मार्ग अरुंद असेल, तर आधी एक्स गुणसूत्रावरचा एल१कॅम जनुक पाहावा. अंगठे तळहातात वळलेले असणे ही त्याची ओळखीची खूण. पण ती जवळपास निम्म्याच मुलांत दिसते, त्यामुळे अंगठे सरळ आहेत म्हणून हा आजार नाही असे धरू नका. सिक्वेन्सिंगमध्ये, म्हणजे जनुकातली अक्षरे क्रमाने वाचण्याच्या तपासणीत, काही मिळाले नाही तर एमएलपीए (जनुकाचे तुकडे कमी-जास्त आहेत का हे पाहणारी चाचणी) करा. जनुकाचा मोठा तुकडा गळालेला असला, तर सिक्वेन्सिंगमध्ये तो निसटू शकतो. मुलीही बाधित असतील किंवा आईवडील नात्यातले असतील, तर एमपीडीझेड, सीसीडीसी८८सी असे दुसरे जनुक तपासावे लागतात.

सापडलेल्या जनुकीय बदलावर ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा आला, तर त्यावर गर्भाचा निर्णय घेऊ नये. एल१कॅममधला तोच बदल निरोगी मामा किंवा आईच्या वडिलांमध्ये सापडला, तर आजाराचे मूळ तो नव्हे.

मग आईची तपासणी. ती एल१कॅमच्या दोषाची वाहक असेल, म्हणजे सदोष जनुक बाळगून असेल, तर प्रत्येक मुलग्याला धोका ५० टक्के. तिच्या रक्तात दोष नसला तरी तो काही बीजांडांत असू शकतो, म्हणून गर्भाची तपासणी तरीही करून घ्यावी.

वारेचा नमुना ११ ते १४ आठवड्यांत घेतात, गर्भजल १५ आठवड्यांनंतर, साधारण १५ ते २० मिली. गर्भजलाचे पहिले १–२ मिली बाजूला काढा आणि आईचे रक्त सोबत पाठवा. आईच्या पेशी मिसळल्या तर अहवालच चुकतो. आई आरएच निगेटिव्ह असल्यास अँटी-डी इंजेक्शन विसरू नका.

सोनोग्राफीत मेंदूच्या पार्श्वपोकळीची रुंदी १० मिमी किंवा जास्त असल्यास ती फुगलेली समजतात, १५ मिमीच्या पुढे तीव्र. कॅलिपर (पडद्यावर अंतर मोजायच्या खुणा) आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत, पोकळीला काटकोनात ठेवा. तिरके ठेवले की आकडा वाढतो. सगळ्यात घातक चूक म्हणजे २० व्या आठवड्याच्या नॉर्मल सोनोग्राफीवर विसंबणे. या आजारात पोकळ्या त्यानंतर, कधी शेवटच्या तिमाहीतही फुगतात.