जुन्या चिनी नोटांचा संग्रह कोठून सुरू करावा

जुन्या चिनी नोटा जमवू इच्छिणाऱ्याने सुरुवात अतिप्राचीन नोटांपासून करू नये. सिचुआनमध्ये १०२४ साली निघालेल्या ‘ज्याओत्झ’ या सरकारी नोटेचा उल्लेख प्रत्येक इतिहासात येतो. पण ती वाचण्याची गोष्ट आहे, विकत घेण्याची नव्हे. मिंग राजवटीची १३७५ पासूनची एक क्वानची (म्हणजे हजार नाण्यांच्या मोलाची) नोट लिलावात येते, मात्र तिची किंमत नवख्याच्या आवाक्याबाहेरची असते. तुतीच्या सालीच्या राखाडी कागदाची ही नोट सुमारे ३४ सेंटिमीटर उंच असून तिच्यावर नाण्यांच्या दहा माळा चितारलेल्या असतात. बनावट नोटा काढणाऱ्याचा शिरच्छेद होईल, अशी ताकीद तिच्यावरच छापलेली असली, तरी तिच्या नकला आज सर्रास विकल्या जातात.

त्यापेक्षा १९१२ ते १९४९ या प्रजासत्ताक काळातील नोटा घ्याव्यात. त्यांपैकी अनेक नोटा न्यूयॉर्क आणि लंडनच्या छापखान्यांतून आलेल्या असून पाठीमागच्या बाजूस बँकेचे नाव व रक्कम इंग्रजीत असते, त्यामुळे चिनी लिपी न येणाऱ्यालाही बँक ऑफ चायना, बँक ऑफ कम्युनिकेशन्स किंवा सेंट्रल बँक ऑफ चायना यांची नोट ओळखता येते.

वर्ष वाचताना मात्र सावध राहावे. नोटेवरील प्रजासत्ताकाच्या वर्षात १९११ मिळवले की इसवी सन निघतो, म्हणजे चोविसावे वर्ष म्हणजे १९३५. परंतु हे वर्ष नोट चलनात आल्याचे असेलच असे नाही. बँक ऑफ कम्युनिकेशन्सच्या १९१४ सालच्या नोटा पुढे अनेक वर्षे त्याच तारखेने निघत राहिल्या, तर सीमाशुल्क भरण्यासाठी ठरवलेल्या ‘सीमाशुल्क सुवर्ण एकक’ या चलनाच्या १९३० असे वर्ष असलेल्या उभ्या नोटा सर्वसाधारण चलनात आल्या त्या १९४२ मध्ये. म्हणून वर्षाबरोबरच सह्या, अनुक्रमांकाचा रंग आणि वरून छापलेले शाखेचे नाव पाहावे. शांघायचे नाव असलेली नोट सहज मिळते, तर तीच नोट एखाद्या लहान शाखेच्या नावाची असल्यास कितीतरी पट महाग पडू शकते.

मोठ्या आकड्याला भुलू नये. महागाईमुळे ऑगस्ट १९४८ मध्ये ३० लाख जुन्या युआनला ‘सुवर्ण युआन’ या नव्या चलनाचा एक युआन असा दर ठरवावा लागला, आणि १९४९ मध्ये शिंच्यांगच्या प्रांतिक बँकेने तर ६ अब्ज युआनची नोट काढली. पूर्वजांसाठी जाळण्याच्या ‘नरक बँके’च्या नोटांवरही असेच आकडे असतात; त्या चलन नव्हेत, हे विकणारा सांगेलच असे नाही.

अस्सलपणा तपासताना भिंगातून रेषा पाहाव्यात : कोरीव छपाईची रेषा सलग व किंचित उठावदार असते, नकलेत ठिपक्यांची जाळी दिसते. अतिनील दिव्याखाली कागद निळसर पांढरा चमकला, तर तो १९५० पूर्वीचा असण्याची शक्यता फार कमी. परदेशी छपाईच्या नोटेला या कसोट्या चांगल्या लागू पडतात. युद्धकाळातील चीनमध्ये छापलेल्या नोटांचा कागद आणि छपाई मुळातच हलकी असल्याने तेथे खात्रीच्या नोटेशी ताडून पाहणेच बरे.

नोट धुऊ नये, इस्त्री करू नये आणि फाटल्यास चिकटपट्टी लावू नये. पीव्हीसीऐवजी पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेवावी. आपल्याकडील पावसाळ्यात तर कपाटातील दमटपणा अधूनमधून पाहत राहावा.