बंद पडलेल्या मिलमधली ॲस्बेस्टॉसची धूळ कशी सिद्ध करावी

इंदूरच्या कापडगिरण्या बंद पडून तीसेक वर्षं झाली, आणि बॉयलर खात्यात, मेकॅनिक खात्यात राबलेल्या माणसांच्या छातीचे आजार आता बाहेर पडतायत. ॲस्बेस्टॉसचं असंच असतं. फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, म्हणजे मेसोथेलिओमा, धूळ छातीत गेल्यावर वीस ते चाळीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतो. घरची माणसं विचारायला येतात तेव्हा कुणीतरी त्यांना आधीच सांगून ठेवलेलं असतं, "कंपनीच राहिली नाही, आता दावा कुणावर करणार?" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. मिल बंद पडली तरी तिचे कागद अनेक सरकारी कचेऱ्यांत असतात, आणि पैसे देण्याची जबाबदारी प्रत्येक वेळी मिलमालकावरच असते असंही नाही.

आधी केसपेपर

पहिल्याच भेटीत डॉक्टरांकडून केसपेपरवर कामाचा इतिहास लिहून घ्या: कोणती मिल, कोणतं खातं, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, हाताखालून कोणतं सामान जायचं. नुसतं "मिल कामगार" लिहिलेला केसपेपर पुढे तुमच्याच विरुद्ध वापरला जातो, कारण कापसाच्या धुळीने होणारा आजार वेगळा. एक्स-रेवर डाग दिसला की जुना टीबी समजून मोकळं होण्याची सवय आपल्याकडे फार आहे, म्हणून एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन, कराच. फुप्फुसाच्या आवरणावर कॅल्शियम साचलेले चट्टे दोन्ही बाजूंना दिसत असतील तर रेडिओलॉजिस्टला ते अहवालात स्पष्ट लिहायला सांगा. शरीरात राहिलेली ॲस्बेस्टॉसची ती खूण आहे. बायोप्सी झाली असेल तर रिपोर्टवर समाधान मानू नका, पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आणि स्लाइडही मागून घ्या. लॅब ते कायम सांभाळत नाही.

नोकरीचा पुरावा

पीएफची स्लिप, पेन्शनचा आदेश, ईएसआयचं (कर्मचारी राज्य विमा) कार्ड, पगारपत्रक, ग्रॅच्युइटीचा कागद, यातलं काहीही चालतं. घरात काहीच नसेल तर जुना नंबर शोधून पीएफ आणि ईएसआय कचेरीतून नोंद मागवा. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद झाली आणि कामगारांची देणी डिसेंबर २०२३ मध्ये मिळाली. त्या देण्यांसाठी भरलेल्या अर्जाची प्रत आणि बँकेतली जमा हाही नोकरीचा पुरावाच. मिलच्या कागदावर बऱ्याचदा फक्त नाव आणि वडिलांचं नाव असतं, आडनाव नसतं. आधार कार्डाशी मेळ बसत नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं शपथपत्र आत्ताच करून ठेवा.

मालक खरंच संपलाय का?

हे न तपासता हातपाय गाळणारी माणसं मी फार पाहिलीत. मालवा, कल्याणमल आणि स्वदेशी या मिल १९७४ च्या राष्ट्रीयीकरणात नॅशनल टेक्स्टाइल कॉर्पोरेशनकडे गेल्या. ती केंद्र सरकारची कंपनी, तिला माहितीचा अधिकार लागू होतो. खासगी कंपनीची स्थिती कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव टाकून बघता येते. अवसायनात, म्हणजे कंपनी गुंडाळण्याच्या प्रक्रियेत, असेल तर कागद उच्च न्यायालयाशी जोडलेल्या ऑफिशियल लिक्विडेटरकडे. नोंदणीतून नाव काढून टाकलं असेल तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम २५२ प्रमाणे ते पुन्हा चढवून घेण्याचा अर्ज कामगारही करू शकतो, वीस वर्षांच्या आत.

पण सगळ्यांत आधी ईएसआय बघा. माणूस ईएसआयमध्ये होता तर दावा ईएसआय महामंडळावर होतो, आणि मालक हयात आहे की नाही याला महत्त्वच राहत नाही.

धूळ दाखवणं

इथपर्यंतचं काम चिकाटीने कुणालाही जमतं. खरं अडतं ते पुढे. तुम्ही मिलमध्ये होतात हे मान्य, पण ॲस्बेस्टॉस तुमच्या छातीत गेलं कशावरून? माझी सुरुवातीची प्रकरणं याच प्रश्नावर रखडली. आता मी त्याचे चार तुकडे करतो: सामान मिलमध्ये होतं, ते तुमच्या खात्यात होतं, तुमच्या कामात त्याची धूळ उडत होती, आणि हे इतकी वर्षं चाललं. प्रत्येक तुकड्याला निदान एक कागद किंवा एक साक्षीदार हवा.

सामान कुठे शोधायचं ते नीट समजून घ्या. वाफेवर चालणाऱ्या मिलमध्ये बॉयलर आणि वाफेच्या पाइपांवरचं लॅगिंग (उष्णता अडवणारं आवरण), बॉयलरच्या दारांची दोरी, जोडांमधली गॅस्केटची शीट, या सगळ्यांत त्या काळी ॲस्बेस्टॉस वापरलं जायचं. सगळ्यांत जास्त धूळ उडते ती जुनं लॅगिंग फोडताना. बॉयलरच्या प्रमाणपत्राची मुदत बारा महिन्यांपेक्षा जास्त नसते, म्हणजे तपासणीसाठी बॉयलर दरवर्षी थंड करावा लागायचा, आणि दुरुस्तीची तोडफोड त्याच दिवसांत व्हायची. त्या तपासण्यांच्या तारखा सरकारच्या बॉयलर खात्याच्या नोंदवहीत असतात. साक्षीदार म्हणतो "दरवर्षी बॉयलर बंद ठेवून लॅगिंग फोडायचो" आणि नोंदवहीत त्याच बॉयलरच्या तपासणीच्या तारखा सापडतात, तेव्हा आठवणीला कागदाचा आधार मिळतो. माझ्या मते अख्ख्या प्रकरणातली सर्वांत मजबूत जोडी हीच, आणि बहुतेक वकील ती मागवतच नाहीत.

माहितीच्या अधिकारात "मिलमध्ये ॲस्बेस्टॉस होतं का?" असं कधीही विचारू नका. "माहिती उपलब्ध नाही" एवढं उत्तर येतं आणि तेच पत्र समोरचा वकील दाखवतो. कागदाचं नाव घेऊन मागा: अमुक मिलचा कारखाना परवाना, मंजूर नकाशा, अमुक ते अमुक सालातले निरीक्षण अहवाल, बॉयलरची नोंदवही, स्टोअरचं खरेदी रजिस्टर. कागद प्रत्यक्ष बघण्याची परवानगी त्याच अर्जात मागा, कायद्याने तो हक्क आहे. फाइल नष्ट केली असं उत्तर आलं तर नष्ट केल्याच्या नोंदीची प्रत मागा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील लगेच टाका. मध्य प्रदेशचं औद्योगिक आरोग्य आणि सुरक्षा संचालनालय इंदूरलाच आहे, तेव्हा पोस्टावर विसंबू नका, जाऊन बसा.

नोंदी नाहीत असं समोरून आलं की सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी १९९५ चा निकाल पुढे करा. अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर न्यायालयाने कामगाराच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर ठेवायला सांगितलं होतं. तो निकाल ॲस्बेस्टॉस उद्योगाबद्दल होता, आमची कापडाची मिल, असं उत्तर येईल. येऊ द्या. नोंदी न ठेवल्याचा तोटा कामगाराने का सोसावा, हा मुद्दा कामकाजात नोंदला गेला पाहिजे.

आता साक्षीदार. मिल बंद पडल्या, पण अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत त्यांच्या झांक्या (सजवलेले देखावे) अजून निघतात, आणि त्या तयार होत असताना जुनी माणसं तिथे येऊन बसतात. तिथे जा. त्याच खात्यातला माणूस शोधा, आणि त्याच्या स्वतःच्या नोकरीचा पुरावा आधी बघा. पुरावा नसलेले दहाजण आणण्यापेक्षा पुरावा असलेले दोघं आणा. नोटरीच्या टेबलावर टाइप केलेली एकसारखी शपथपत्रं कृपा करून करू नका. पाच जण शब्दाला शब्द तेच बोलले की कुणाचंच खरं वाटत नाही. "अर्जदार ॲस्बेस्टॉसच्या संपर्कात होता" हे वाक्य निरुपयोगी आहे. त्याऐवजी असं लिहा: "मी बॉयलर खात्यात फायरमन होतो. बॉयलर बंद असताना फिटर पाइपांवरचं लॅगिंग छिन्नीने फोडायचे. पांढरी पूड उडायची, आम्ही तोंडाला फडकं बांधायचो. अर्जदार माझ्या पाळीत हेच काम करायचा." साक्षीदाराला जे आठवत नाही ते त्याच्या तोंडी घालू नका, उलटतपासणीत तेच पहिलं कोसळतं.

आजारी माणसाचं म्हणणं मात्र आजच नोंदवा. मेसोथेलिओमात निदानानंतर अनेकांना वर्षभरही मिळत नाही. दावा दाखल झाला की पहिल्याच तारखेला, कमिशन (साक्ष घ्यायला पाठवलेला अधिकारी) नेमून घरी साक्ष घ्यावी, असा अर्ज द्या. घरी कामाचे कपडे धुणाऱ्या बायकोचीही साक्ष घ्या, आणि तिच्या छातीचीही तपासणी करा. ती धूळ तिच्याही नाकातोंडात गेलेली असते.

बिडी लपवू नका. मेसोथेलिओमा तंबाखूने होत नाही. फुप्फुसाच्या कर्करोगात ॲस्बेस्टॉस आणि धूम्रपान एकमेकांचा धोका वाढवतात, म्हणजे बिडी ओढल्यामुळे ॲस्बेस्टॉसचा वाटा पुसला जात नाही. लपवलेली बिडी सापडली की उरलेल्या साक्षीवरही संशय येतो.

दावा

ॲस्बेस्टॉसिस, तसंच ॲस्बेस्टॉसमुळे होणारा फुप्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा हे कर्मचारी भरपाई कायदा १९२३ च्या तिसऱ्या परिशिष्टात व्यावसायिक रोग म्हणून होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे, तेव्हा जुन्या नोकरीचा दावा कोणत्या तरतुदीखाली टाकायचा हे कामगार कायद्याच्या वकिलाकडून ठरवून घ्या. मुदत सर्वसाधारणपणे दोन वर्षं. उशीर झाला असेल तर सबळ कारण पाहून तो माफ करता येतो, म्हणून निदानाची तारीख दाखवणारा पहिला कागद अर्जाला जोडाच. निदानावर वाद झाला तर अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेचं मत मागवा. १९९५ च्या निकालात न्यायालयाने फेरतपासणीसाठी याच संस्थेचं नाव घेतलं होतं. जाण्याआधी पत्राने वेळ घ्या, आणि एक्स-रे, सीटीच्या मूळ फिल्म किंवा सीडी सोबत न्या, मोबाइलवर काढलेले फोटो तिथे चालत नाहीत.