आधी गोगलगायी, मग पफर

पी पफर हा चिमुकला मासा पाळायचं मनात असेल तर महिनाभर त्याला विसरा. आधी एका बरणीत पाण्यातल्या गोगलगायी वाढवा. मत्स्यालयाच्या दुकानात त्या झाडांबरोबर आयत्या येतात आणि दुकानदाराला नकोच असतात. बरणी खिडकीत ठेवायची, उकडलेल्या दुधीची चकती टाकायची, उरलेली दुसऱ्या दिवशी काढायची. बाकी त्यांचं त्या बघतात.

एवढा खटाटोप कशाला? आमच्या बडोद्यात दुकानदार खुशाल सांगतो, ‘फ्लेक्स पण खाशे, बेन!’ पण ते कोरडं, पापुद्र्यांसारखं खाणं हा सहसा नाही खात. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या, पश्चिम घाटातून उतरणाऱ्या नद्यांचा हा मासा. लांबी जेमतेम तीन सेंटिमीटर, पण हाडाचा शिकारी. गोगलगाय दिसली की पाण्यात जागच्या जागी थांबतो. एक डोळा तिच्यावर, दुसरा खुशाल आपल्यावर! तिने अंग बाहेर काढलं की झडप घालून लचका तोडतो. कवच कुरतडताना त्याचे सतत वाढणारे दातही झिजतात. एरवी फ्रोजन ब्लडवर्म, म्हणजे गोठवलेल्या लाल अळ्या द्या. आमच्या फ्रीजरमध्ये ते श्रीखंडाच्या डब्यात असतात. सासूबाईंनी वर ठळक अक्षरांत ‘उघडू नये’ लिहून ठेवलंय.

गोगलगायी वाढतायत तोवर टाकीत स्पंज फिल्टर चालू ठेवा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन औषध घालून काढा, रोज माशांच्या खाण्याची चिमूट टाका, म्हणजे ते कुजून होणारं विष पचवणारे जीवाणू फिल्टरमध्ये वाढतात. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही विषं वर चढून पुन्हा शून्यावर आली, की मगच मासा. एकट्याला वीस लिटर पुरतं, पाच-सहांना सत्तर-ऐंशी हवं. मीठ अजिबात घालू नका. हिरवा ठिपकेदार पफर निमखाऱ्या पाण्यातला, हा नाही.

नर एकमेकांना टिकू देत नाहीत. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवाव्यात. पण दुकानातली पिल्लं ओळखू येत नाहीत. मोठं झाल्यावर नराच्या पोटाखाली गडद रेघ उमटते. म्हणून जावा मॉस, वॅलिस्नेरिया अशा पाणवनस्पती दाट लावा, समोरासमोर नजर पडायला नको. गप्पी सोबत ठेवाल तर शेपट्या गमावतील.

घेताना दुकानदाराला समोर खायला घालायला सांगा. पोट खपाटीला गेलेला मासा स्वस्तात मिळाला तरी नको, बहुतेकदा पोटात जंत असतात. कोणी घरी पैदास करत असेल तर त्याच्याकडूनच घ्या, कारण बाजारातले बरेचसे नदीतून पकडलेले असतात आणि आययूसीएन या निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत ही जात धोक्यातली म्हणून नोंदलेली आहे. जाळीने पकडू देऊ नका, मगमध्ये पाण्यासकट घ्या. बाहेर काढल्यावर घाबरून हवा गिळली तर ती त्याला सहज सोडता येत नाही.

बडोद्याच्या मे महिन्यात पाणी अठ्ठावीसच्या वर जातंच. झाकण काढून वर बारीक जाळी बांधा आणि पृष्ठभागावर टेबलफॅन लावा. उडालेलं पाणी रोज भरा, शिवाय आठवड्याला पाव टाकी बदला. डिसेंबरात हीटर पंचवीसवर ठेवला की झालं.