'उतरणे'ला इंग्रजीत नेमकं काय म्हणायचं?
मराठीत आपण बोट, विमान, ट्रेन सगळ्यातून नुसते 'उतरतो', इंग्रजीत मात्र वाहन बघून शब्द बदलतो. आपल्या गोव्यातच बघा, मुरगाव बंदरात क्रूझवरून उतरलात की 'डिसएम्बार्क', मोपाला विमानातून उतरताना तेही चालतं किंवा 'डीप्लेन', मडगावला ट्रेनमधून 'अलाइट', पण हा अनाउन्समेंटचा शब्द, गप्पा मारताना कोण वापरतंय! 'डीट्रेन' तर विसराच. बोलताना सरळ 'गेट ऑफ' म्हणा, बेतीच्या फेरीबोटीपासून कदंबाच्या बसपर्यंत सगळीकडे चालतं, फक्त कार-टॅक्सीला 'गेट आउट ऑफ'. आपलं 'गेट डाउन' इथे सगळ्यांना कळतं हो, पण फॉरेनरला वाटतं खाली वाका म्हणतोय, मी पर्वरीला बसमध्ये एका बाईंना 'गेट डाउन हिअर' म्हटलं तर त्या बिचाऱ्या वाकून सीटखाली बघायला लागल्या.