घरच्या बॅकअपसाठी हार्ड डिस्क आणि केसिंग यांची जोडी कशी जुळवावी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील अनेक घरांत बंद पडलेल्या लॅपटॉपमधून किंवा मोडीत काढलेल्या डेस्कटॉपमधून निघालेली एखादी हार्ड डिस्क कपाटात पडून असते. त्याच घरांत लग्नाचे व्हिडिओ, जुन्या फोटोंच्या स्कॅन प्रती, जमिनीचे उतारे आणि खरेदीखते मात्र एकाच संगणकात साठवलेली असतात. ती डिस्क केसिंगमध्ये, म्हणजे यूएसबीने संगणकाला जोडता येणाऱ्या डबीत, बसवून बॅकअपसाठी वापरणे शहाणपणाचेच आहे. तशी डिस्क नसल्यास नवी डिस्क आणि वेगळे केसिंग घेऊनही काम भागते. मात्र निवड करताना एक कसोटी सतत लावावी: केसिंग उद्या निकामी झाले, तर डिस्क बाहेर काढून दुसऱ्या केसिंगमध्ये किंवा थेट डेस्कटॉपला जोडून तिच्यातील सर्व काही वाचता येईल का? या जोडीतील स्वस्त आणि बऱ्याचदा आधी बिघडणारा भाग केसिंगच असतो, आणि त्याच्या बिघाडाने माहिती अडकून पडणार असेल तर तो बॅकअप विश्वासार्ह नव्हे.

पहिली जुळणी आकाराची. लॅपटॉपची डिस्क २.५ इंची आणि डेस्कटॉपची ३.५ इंची, एवढे बहुतेकांना ठाऊक असते, परंतु २.५ इंची डिस्कची जाडी ७, ९.५, १२.५ किंवा १५ मिलिमीटर असू शकते, याकडे दुर्लक्ष होते. बाजारातील सर्वसाधारण केसिंग ९.५ मिलिमीटरपर्यंतचीच डिस्क घेते, तर या आकारातील ४ आणि ५ टेराबाइटच्या डिस्क १५ मिलिमीटर जाडीच्या असतात. त्यामुळे डिस्क पट्टीने मोजून मगच केसिंग पाहावे, किंवा सरळ डिस्क सोबत घेऊनच दुकानात जावे, कारण ‘सगळ्या बसतात’ हे आश्वासन डिस्क हातात नसताना देणे फार सोपे असते. ३.५ इंची डिस्कच्या बाबतीत स्क्रूच्या जागा तपासाव्यात. मोठ्या क्षमतेच्या अनेक नव्या डिस्कना तळाशी मधली छिद्रे नसतात आणि ज्या केसिंगमध्ये डिस्क नेमकी त्याच छिद्रांवर आवळली जाते, तेथे ती सैल राहते. फिरणारी डिस्क सैल राहणे कधीही चांगले नाही.

त्यानंतर जोडणी पाहावी. गेल्या दीड दशकातील घरगुती डिस्कवर साटा जोडणी असते. तिच्यात माहितीसाठी ७ आणि विजेसाठी १५ पिनांच्या दोन सपाट पट्ट्या असून त्यांच्यामध्ये खाच असते. त्याहून जुन्या डिस्कवर आयडीई जोडणीच्या टोचदार पिनांच्या दोन रांगा दिसतात, आणि त्यांना आयडीईचेच केसिंग लागते. जुन्या सामानाच्या बाजारात सर्व्हरमधून काढलेल्या एसएएस डिस्क स्वस्तात मिळतात. त्या दिसायला साटासारख्याच असतात, पण दोन पट्ट्यांमधील खाच भरलेली असते आणि साटा केसिंगमध्ये त्या बसतच नाहीत. भाव कितीही आकर्षक वाटला तरी घरगुती बॅकअपसाठी त्यांच्या वाटेला जाऊ नये.

विजेचा प्रश्न मात्र सविस्तर समजून घ्यावा, कारण ‘डिस्क खराब झाली’ म्हणून फेकून दिलेल्या कित्येक डिस्क प्रत्यक्षात केवळ उपाशी असतात. २.५ इंची डिस्क फक्त ५ व्होल्टवर चालते आणि ती वीज यूएसबी केबलमधूनच घेते. यूएसबी २.० च्या पोर्टने ५०० मिलिॲम्पियर आणि ३.० च्या पोर्टने ९०० मिलिॲम्पियर पुरवावेत असे मानक सांगते. डिस्कला फिरू लागण्याच्या क्षणी मात्र सुमारे १ ॲम्पियरपर्यंत गरज भासू शकते. वीज अपुरी पडल्यास डिस्क टकटक आवाज करते, संगणकावर क्षणभर दिसते आणि पुन्हा नाहीशी होते. अशा वेळी प्रथम आखूड आणि जाड केबल वापरून पाहावी, डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टाऐवजी मागचा पोर्ट वापरावा आणि तरीही भागले नाही तर दोन पोर्टांतून वीज घेणारी दुतोंडी केबल लावावी. डिस्कवरील लेबलावर ५ व्होल्टपुढे ॲम्पियरचा आकडा छापलेला असतो. डिस्क निवडण्याची मुभा असेल तर तो आकडा जितका लहान तितके बरे.

३.५ इंची डिस्कला ५ व्होल्टबरोबर १२ व्होल्टही लागतात आणि म्हणून तिच्या केसिंगसोबत वेगळा अडॅप्टर येतो. एका डिस्कसाठी तो १२ व्होल्ट आणि किमान २ ॲम्पियरचा असावा. हा अडॅप्टर हरवल्यास घरातला दुसरा कोणताही लावून पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. गोल पिन तशीच दिसते म्हणून १९ व्होल्टचा लॅपटॉप अडॅप्टर लावला, तर केसिंगचे सर्किट आणि त्यासोबत डिस्कही जळू शकते. नवा अडॅप्टर घेताना व्होल्ट, ॲम्पियर आणि पिनेच्या आतील-बाहेरील ध्रुवांचे चिन्ह या तिन्ही गोष्टी जुळवाव्यात.

आपल्या भागात एप्रिल-मेमधील वळिवात आणि पावसाळ्यात वीज अचानक जाते, हे लक्षात घेऊनच आकाराचा निर्णय करावा असे माझे मत आहे. लॅपटॉपला जोडलेली २.५ इंची डिस्क लॅपटॉपच्या बॅटरीवर चालत राहते, ३.५ इंची डिस्क मात्र वीज जाताच त्या क्षणी थांबते आणि लिहिणे अर्धवट राहिले तर फाइल प्रणालीही, म्हणजे डिस्कवरील फाइलींची मांडणीही, बिघडू शकते. ज्यांच्याकडे संगणकासाठी यूपीएस आहे त्यांनी ३.५ इंची डिस्क खुशाल घ्यावी, कारण प्रति टेराबाइट ती सहसा स्वस्त पडते, पण तिचा अडॅप्टरही यूपीएसवरच लावावा. ज्यांच्याकडे फक्त लॅपटॉप आहे त्यांच्यासाठी २.५ इंचीच योग्य. ढगांचा गडगडाट सुरू झाल्यावर अडॅप्टर आणि केबल दोन्ही काढून ठेवावीत. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही.

आता केसिंगच्या आतील ब्रिज चिपकडे वळू. साटा आणि यूएसबी यांच्यामधील दुभाष्याचे काम ही चिप करते आणि जोडी जमणार की नाही हे बऱ्याच अंशी तीच ठरवते. जुन्या चिपा डिस्कवरील जागेचा पत्ता ३२ बिटांत लिहीत. प्रत्येक सेक्टर, म्हणजे डिस्कवरील साठवणुकीचा छोटा तुकडा, ५१२ बाइटचा धरला तर त्यांची मर्यादा सुमारे २.२ टेराबाइटला संपते. अशा केसिंगमध्ये ३ टेराबाइटची डिस्क घातली की विंडोजमध्ये ती अनेकदा ७४६ गिगाबाइटची दिसते. असे दिसल्यास डिस्कला दोष न देता, तेथेच फॉरमॅट न करता, केसिंग बदलावे. एमबीआर या डिस्कचे भाग पाडण्याच्या जुन्या पद्धतीलाही हीच मर्यादा असल्यामुळे २ टेराबाइटपेक्षा मोठी डिस्क नेहमी जीपीटी या नव्या पद्धतीने तयार करावी.

याहून फसवा प्रकार वेगळाच आहे. विंडोज एक्सपीच्या काळात मोठ्या डिस्क एमबीआरवरच चालाव्यात म्हणून काही केसिंगच्या चिपांनी ५१२ बाइटचे सेक्टर ४०९६ बाइटचे असल्याचे संगणकाला सांगण्याची युक्ती केली. त्या केसिंगमध्ये सारे सुरळीत चालते. पण तीच डिस्क बाहेर काढून डेस्कटॉपला जोडली की विभाजनाचा तक्ता जुळत नाही आणि विंडोज ‘डिस्क इनिशियलाइझ करायची का’ असे विचारते. तेथे होकार देणे म्हणजे स्वतःच्या हाताने कुलूप बदलण्यासारखे आहे. विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशन या साधनात साठवणुकीच्या विभागात प्रत्येक डिस्कच्या सेक्टरचे बाइट दिसतात. घरगुती डिस्क केसिंगमध्ये ४०९६ दाखवत असेल आणि थेट जोडल्यावर ५१२ दाखवत असेल, तर ते केसिंग बॅकअपसाठी घेऊ नये. जेमायक्रॉन आणि एएसमीडिया या कंपन्यांच्या चिपा केसिंगमध्ये सर्रास आढळतात; विक्रेत्याने चिपचे नाव वेष्टनावर दिले असेल तर ती चांगली खूण समजावी.

तयार मिळणाऱ्या बाह्य डिस्कबाबतही याच कारणाने सावध राहावे. काही मॉडेलांत चिप माहिती लिहितानाच सांकेतिक स्वरूपात लिहिते आणि वापरणाऱ्याने पासवर्ड ठेवलेला नसला तरी डिस्क बाहेर काढल्यावर काहीच वाचता येत नाही. काही २.५ इंची मॉडेलांत तर यूएसबीचा पोर्ट डिस्कच्या सर्किटवरच असतो, म्हणजे साटा जोडणीच नसते आणि पोर्ट तुटला की माहिती काढण्यासाठी तज्ज्ञाकडे जाण्यावाचून गत्यंतर राहत नाही. वेगळी डिस्क आणि वेगळे केसिंग घेण्याचा खरा लाभ येथेच आहे.

दोन डिस्कचे केसिंग घ्यावे का, असा प्रश्न अनेकांना पडतो. माझ्या मते घरासाठी घेऊ नये. त्यातील रेड १ पद्धतीत दोन्ही डिस्कवर एकच मजकूर एकाच वेळी लिहिला जातो, त्यामुळे चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून पुसली जाते. शिवाय पद्धत बदलणारा मागचा खटका अनवधानाने सरकला तर सगळेच जाऊ शकते. त्याच पैशांत दोन स्वतंत्र केसिंग घ्यावीत.

वेगाची फार चिंता करण्याचे कारण नाही. फिरणारी डिस्क सेकंदाला साधारण १०० ते २५० मेगाबाइट देते आणि ५ गिगाबिटचे यूएसबी ३.० त्यासाठी पुरेसे आहे. १० किंवा २० गिगाबिटच्या केसिंगसाठी जादा पैसे मोजल्याने ती वेगाने फिरू लागत नाही. केवळ यूएसबी २.० असलेले केसिंग मात्र घेऊ नये, कारण सेकंदाला ३०-४० मेगाबाइटच्या वेगाने १ टेराबाइट लिहायला सात ते नऊ तास जातात. टाइप-सी हा पोर्टाचा आकार आहे, वेग नव्हे, हेही खरेदी करताना ध्यानात असू द्यावे. एसएमआर प्रकारच्या, म्हणजे माहितीचे पट्टे एकमेकांवर अंशतः चढवून लिहिणाऱ्या, डिस्क दीर्घ लेखनात मंदावतात, तरी महिन्यातून एकदा प्रत घेण्यास त्या चालतात. उष्णतेच्या दृष्टीने ३.५ इंची डिस्कसाठी ॲल्युमिनियमचे केसिंग प्लास्टिकपेक्षा बरे, आणि मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या डिस्कपेक्षा ५४०० फेऱ्यांची डिस्क कमी तापते.

जोडी जमल्यावर लगेच घरचा मजकूर तिच्यावर टाकू नये. प्रथम क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा स्मार्टमॉनटूल्स हा प्रोग्राम वापरून डिस्कची स्मार्ट माहिती, म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीची ठेवलेली नोंद, पाहावी. ती दिसतच नसेल तर चिप ती पुढे पाठवत नाही असे समजावे, आणि असे केसिंग दुकानदाराला परत करावे. खराब झाल्याने बदललेल्या सेक्टरांचा किंवा प्रलंबित, म्हणजे नीट वाचता न आलेल्या, सेक्टरांचा आकडा शून्याहून अधिक असलेली जुनी डिस्क बॅकअपसाठी वापरू नये. सीआरसी त्रुटींचा, म्हणजे ये-जा करताना माहिती बिघडल्याच्या नोंदींचा, आकडा वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून जोडणीचा असतो. त्यानंतर झटपट नव्हे, पूर्ण फॉरमॅट करावे. त्याला कित्येक तास लागतात, परंतु संपूर्ण पृष्ठभागावर एकदा लिहिले जाते. मग काही फाइली टाकून डिस्क केसिंगमधून बाहेर काढावी, डेस्कटॉपला किंवा दुसऱ्या केसिंगमध्ये जोडावी आणि त्या उघडतात का ते पाहावे. ही चाचणी कंटाळवाणी आहे, पण सुरुवातीची कसोटी प्रत्यक्षात तपासण्याचा याहून खात्रीचा मार्ग नाही.

फाइल प्रणाली निवडताना विंडोजपुरताच वापर असेल तर एनटीएफएस घ्यावी, कारण तिच्यात बदलांची नोंदवही असते आणि अचानक वीज गेल्यास ती एक्सफॅटपेक्षा अधिक सावरते. मॅक संगणक एनटीएफएस वाचतो, पण स्वतःहून तिच्यावर लिहीत नाही. तेथे एक्सफॅट लागेल. एफएटी३२ वर ४ गिगाबाइटपेक्षा मोठी फाइल मावत नसल्याने लग्नाच्या व्हिडिओंसाठी ती निरुपयोगी आहे. आपल्याकडे उताऱ्यांची नावे कधी कन्नडमध्ये, फोटोंची नावे मराठीत आणि बाकीची इंग्रजीत असतात. एनटीएफएस आणि एक्सफॅट दोन्हींना त्याची अडचण नाही. लिनक्सच्या एक्स्ट४ वर मात्र नावाची मर्यादा २५५ अक्षरांची नसून २५५ बाइटची आहे, आणि देवनागरी व कन्नड या दोन्ही लिप्यांतील प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. काना, वेलांटी, अनुस्वार हे सारे वेगळे मोजले जात असल्यामुळे नाव ८५ चिन्हांतच संपते आणि लांबलचक नावाच्या फाइली नकल होताना मागे राहतात.

साठवणुकीत पावसाळ्याचा विचार आवश्यक आहे. खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की केसिंगचे धातूचे संपर्क काळवंडू शकतात. डिस्क सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी आणि थंड, ओलसर खोलीतून आणल्यावर तासभर तशीच राहू देऊन मग जोडावी. साध्या डिस्कवरील हवेचे बारीक छिद्र, ज्याजवळ ते झाकू नये असे लिहिलेले असते, त्यावर नावाची चिठ्ठी चिकटवू नये.

दुसरी डिस्क दुसऱ्या गावी ठेवावी, आणि गाव निवडताना नात्याबरोबर नदीही पाहावी. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, पंचगंगा, दूधगंगा आणि वेदगंगा या नद्यांना एकाच वेळी पूर आला होता. त्यामुळे सदलगा किंवा निपाणी परिसरातील घराची प्रत कोल्हापूर किंवा सांगलीच्या नदीकाठच्या नातेवाइकांकडे ठेवण्यापेक्षा बेळगाव शहरातील उंचावरच्या भागात किंवा धारवाडला ठेवणे अधिक सुरक्षित ठरेल. दोन्ही डिस्कवर तारीख आणि केसिंगला लागणाऱ्या अडॅप्टरचे व्होल्ट लिहिलेली चिठ्ठी केसिंगच्या बाहेर लावावी. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा त्या जोडून चार-दोन मोठ्या फाइली शेवटपर्यंत चालवून पाहाव्यात आणि प्रलंबित सेक्टरांचा आकडा पुन्हा तपासावा. तो वाढलेला दिसला तर नवी डिस्क त्याच केसिंगमध्ये बसवून सर्व मजकूर मूळ संगणकावरून नव्याने उतरवावा.