बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड आणि मुलांचे दात : गावात तपासणी कशी करावी

यवतमाळ, चंद्रपूरकडच्या कित्येक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. असं पाणी लहानपणी प्यायल्याने मुलांच्या दातांवर डाग पडतात. भारतीय मानकानुसार ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात.

हातपंप आधी काही मिनिटं हापसा, म्हणजे पाइपात साचलेलं पाणी निघून जाईल. नमुना प्लास्टिकच्या बाटलीतच घ्या. काचेशी फ्लोराइडची प्रक्रिया होऊन आकडा बिघडू शकतो. पावसाळ्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा घ्या. प्रयोगशाळेत आयन-निवडक इलेक्ट्रोड (पाण्यातलं मोकळं फ्लोराइड मोजणारं साधन) वापरताना नमुन्यात बफर (बांधलेलं फ्लोराइड मोकळं करणारं द्रावण) घालायलाच हवा, नाहीतर अ‍ॅल्युमिनियम-लोहाने बांधलेलं फ्लोराइड मोजलंच जात नाही.

दात पाहायचे ते साधारण ८ ते १२ वर्षांच्या मुलांचे, पालकांची संमती घेऊन, भरपूर उजेडात. डीन निर्देशांकात, म्हणजे फ्लोराइडचे डाग किती तीव्र आहेत हे ठरवायच्या पद्धतीत, सर्वांत बाधित दोन दातांवरून श्रेणी ठरते. डाग डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर सारखे दिसतात. एकाच दातावरचा डाग बहुधा दुसऱ्या कारणाचा.

खरी चूक होते ती प्रश्नावलीत. कायमच्या दातांचं एनॅमल (वरचं कठीण आवरण) लहानपणीच घडतं, त्यामुळे आजचा पंप विचारून भागत नाही. मूल पहिली सात-आठ वर्षं कुठे राहिलं, कुठलं पाणी प्यायलं, हे आईला किंवा आजीला निवांत विचारा. चहा आणि टूथपेस्टही नोंदवा, त्यांतूनही फ्लोराइड पोटात जातं. कमी फ्लोराइडचं शेजारचं गाव तुलनेला हवंच, आणि तपासणाऱ्याला पाण्याचे आकडे आधी सांगू नका.